मलाका

पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, मळका म्हणतोय.
मी माझ्या सदऱ्याकडे पाहिलं. मळकाच होता.
सत्तावीस वर्षं कलाशाळेच्या मागच्या आवारात माती मळतोय,
सदरा काय दुधात धुतलेला असणार?

पण स्ताथिस माझ्याशी बोलतच नव्हता.
तो बोलत होता अंगठ्याशी,
ज्यावर त्याने स्वतःच हातोडी मारली होती.

मग दिवसभर तेच.
वीज गेली: मलाका.
दांडिया बाजारच्या रिक्षावाल्याने तिप्पट घेतले: मलाका.
सेव-उसळीचा पहिला घास, डोळ्यांत पाणी, नाक लाल: मलाऽऽका!
रात्री फोनवर कुणा बालमित्राशी, हसत हसत,
अर्ध्या तासात चाळीसदा,
वाढणारीचा हात सुटावा
आणि भातावर तूप पडतच राहावं तसा.

प्लास्टरच्या पोत्यांचा हिशेब असतो त्या वहीत
मागच्या पानावर मी लिहून ठेवलं:
लांबवला तर कौतुक.
तोडला तर भांडण.
भुवई वर गेली तर, काय सांगतोस!

अर्थ विचारला तेव्हा लाजला.
मूठ वळून काही दाखवायला निघाला,
तेवढ्यात रजनीबेन झाडू घेऊन आल्या,
तशी ती मूठ त्याने मातीत घातली
आणि मळायला लागला.
म्हणाला, मुळात एवढंच: मऊ.
फार जुना शब्द. कापडाला म्हणायचे, कुरणाला म्हणायचे.
मग माणसाला. मऊ म्हणजे लेचापेचा,
लेचापेचा म्हणजे (रजनीबेन अजून तिथेच)
एकटाच स्वतःचं मन रमवणारा,
रमून रमून डोकं मऊ झालेला, म्हणजे येडा,
आणि येडा म्हणजे शेवटी
आपलाच.

मी म्हटलं, थांब, आमच्याकडेही आहे असला एक.
आमचे बापू कोठी कचेरीत कारकून, जन्मात शिवी दिली नाही,
पण चिंतामणराव दिघ्यांना रोज सकाळी फाटकातून हाक:
शिंच्या, उठलास का?
त्या शब्दाच्या पोटात कुणाच्या तरी आईची बदनामी आहे
हे बापूंच्या गावीही नव्हतं,
आणि चिंतामणरावांची आई तर
आतून विचारायची, चहा टाकू का दोघांना?

कोण मळतं हे शब्द?
कडक ढेकूळ हजार तोंडांतून गेलं की खडे निघून जातात.
किंवा आतच राहतात,
कुणाच्या तरी दाताखाली येईपर्यंत.

ऑगस्टात विश्वामित्री आवारात आली.
मगरींसकट म्हणतात, आम्हाला बेडूकच दिसले.
स्ताथिसची म्हातारी, त्याच्या बंदरातली, जाळं विणणारी,
चार महिन्यांचं काम, न भाजलेलं,
कमरेइतक्या पाण्यात बसली होती.
आम्ही पोचलो तेव्हा चेहरा होता.
मग नाक गेलं.
मग हनुवटी छातीवर उतरली, डुलकी लागावी तशी.

वाटलं, आता ओरडेल.
त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो आत गेला,
आणि तो शब्द म्हणाला, इतका हळू,
की माझ्या वहीत त्याला ओळ नव्हती.
मी म्हटलं, चल शिंच्या, पाणी वाढतंय.
हे त्याला म्हटलं की नदीला,
अजून ठरवता आलेलं नाही.

तो गेला त्याला नऊ वर्षं झाली.
शब्द राहिला. मधला काना कुठेतरी गळला,
पोरं नुसतं मलका म्हणतात.
साचा तडकला, मलका. परीक्षा पुढे गेली, मलका!
परवा भावनगरकडच्या नव्या शिपायाने विचारलं, हा कुठला शब्द?
एक पोरगी म्हणाली, अस्सल बडोद्याचा,
जुन्या मराठी लोकांचा असणार,
मार्तंडकाका म्हणतात ना सारखं.

मी ओल्या फडक्याने माती झाकली.
सदऱ्याला हात पुसले.